गारव्याची खरी किंमत

आज ज्यास सांगली जिल्हा म्हणतात तो १९४९ सालीं दक्षिण सातारा या नांवानें निर्माण झाला, आणि १९६० सालीं त्याला सांगली हें नांव मिळालें. नांवाचें नातें असें जवळचें असलें तरी सातारा आणि सांगली या दोन शहरांचा उन्हाळा मात्र एक नव्हे. सातारा डोंगरांच्या कुशींत, अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशीं, उंचावर वसलेला. तेथें दिवस कितीहि तापला तरी रात्रीं बहुधा वारा सुटतो. सांगली कृष्णाकाठच्या सखल भागांत. तेथें एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिसाच्या आसपास जातो, आणि सिमेंटच्या स्लॅबखालील खोली मध्यरात्र उलटली तरी निवत नाहीं. घरांत हवा थंड करण्याचें यंत्र, ज्यास सर्वजण नुसतें ‘एसी’ म्हणतात, तें बसवावें कीं नाहीं हा प्रश्न आतां दोन्ही शहरांतील मध्यम स्थितींतील कुटुंबांपुढें उभा आहे. परंतु त्याचें उत्तर दोन्हीकडे सारखें येत नाहीं.

पूर्वीं ज्यास गारवा हवा असे त्यानें गारव्याकडे जावें, अशी रीत होती. मुंबईचे गव्हर्नर सर जॉन माल्कम यांनीं १८२९ सालीं साताऱ्याचे छत्रपति प्रतापसिंह महाराज यांच्याशीं करार करून महाबळेश्वरची जागा मिळविली, आणि पुढें मुंबई सरकारचा उन्हाळ्यांतील मुक्काम तेथें पडूं लागला. ज्यांना डोंगर परवडत नसे त्यांना वाड्याच्या जाड भिंती, धाब्याचें छप्पर, पाण्याचा माठ आणि वाळ्याच्या ओल्या ताट्या यांवर उन्हाळा काढावा लागे. आतां गारवाच घरीं आणतां येतो. मात्र जी वस्तु घरीं आणावयाची तिचा जमाखर्च आधीं नीट मांडला पाहिजे.

हें यंत्र मुळांत माणसाच्या सुखासाठीं निघालें नाहीं. १९०२ सालीं अमेरिकेंत ब्रुकलिन येथील एका छापखान्यांत दमट हवेमुळें कागद फुगे व आकसे, आणि रंगांची छपाई बिघडे. ती अडचण दूर करण्यासाठीं विलिस कॅरिअर या तरुण इंजिनियरानें ही योजना केली. यंत्राचें कार्य सोपें आहे. तें थंडी निर्माण करीत नाहीं. खोलींतील उष्णता उचलून बाहेर टाकतें. म्हणजे गृहस्थ जे पैसे देतो ते उष्णतेच्या हमालीचे. ओझें जितकें अधिक तितकी हमाली अधिक. यंत्राचें माप ‘टन’ या शब्दानें सांगतात तेंहि याच अर्थानें. एक टन बर्फ चोवीस तासांत वितळावयास जितकी उष्णता लागते, तितकी उष्णता तेवढ्याच वेळांत बाहेर नेणारें यंत्र तें एक टनाचें.

खर्चाचा पहिला भाग खरेदीचा. दीड टनाचें यंत्र आज साधारणपणें ३० ते ५० हजार रुपयांस पडतें. यावरील वस्तुसेवाकर पूर्वीं शेंकडा २८ होता, तो सप्टेंबर २०२५ पासून शेंकडा १८ झाला. परंतु दुकानांतील आंकडा हा शेवटचा आंकडा नव्हे. बसविण्याची मजुरी, बाहेरच्या पेटीसाठीं लोखंडी स्टँड, मुख्य बोर्डापासून वेगळी जाड तार, तिचें स्वतंत्र एम. सी. बी., चांगलें अर्थिंग आणि जरूर तेथें स्टॅबिलायझर, हें सारें त्यांत मिळवावें लागतें. यंत्राबरोबर येणारी तांब्याची नळी बहुधा तीन मीटरांची असते. त्यापुढील प्रत्येक मीटरास वेगळे पैसे पडतात. साताऱ्याच्या जुन्या पेठांतील दगडी भिंतीस भोंक पाडणें हें विटांच्या भिंतीइतकें सोपें नसतें. सांगलींत नदीजवळच्या वस्तींत बाहेरची पेटी जमिनीलगत ठेवणें म्हणजे पुराला आमंत्रण देणें होय. २००५ आणि २०१९ सालचें पाणी ज्यांनीं पाहिलें त्यांना हें समजावून सांगण्याची आवश्यकता नाहीं.

दुसरा भाग चालविण्याचा. आणि येथेंच दोन्ही शहरांच्या वाटा वेगळ्या होतात. प्रत्येक यंत्रावर ताऱ्यांचें लेबल असतें. त्यावर वर्षाला किती युनिटें वीज लागेल तें छापलेलें असतें. परंतु तो आंकडा वर्षांतील १,६०० तासांच्या वापराचा आहे, हें पुष्कळांना ठाऊक नसतें. समजा, एका यंत्रावर ८०० युनिटें लिहिलीं आहेत. म्हणजे सरासरीनें तासाला अर्धें युनिट. साताऱ्यांतील एखादें कुटुंब उन्हाळ्यांतील पन्नास रात्री सहा सहा तास तें चालवील, तर ३०० तासांत १५० युनिटें होतील. सांगलींतील कुटुंब शंभर दिवस आठ आठ तास चालवील, तर ८०० तासांत ४०० युनिटें होतील. सर्व आकार मिळून युनिटास १२ रुपये धरले, तर पहिल्यास वर्षाला १,८०० रुपये आणि दुसऱ्यास ४,८०० रुपये पडतील.

आतां असें समजूं कीं, कमी ताऱ्यांच्या यंत्रावर १,००० युनिटें लिहिलीं आहेत, पण तें ८,००० रुपयांनीं स्वस्त आहे. महागड्या यंत्रामुळें सांगलीकराचे वर्षास १०० युनिटांचे १,२०० रुपये वांचतील, आणि जादा दिलेली रक्कम सात वर्षांच्या आंत वसूल होईल. सातारकराचे मात्र ४५० रुपयेच वांचतील. त्याला वसुलीस सतरा-अठरा वर्षें लागतील, आणि तोंवर यंत्रच जुनें होऊन जाईल. म्हणून शेजाऱ्यानें पांच ताऱ्यांचें घेतलें एवढ्यावरून आपणहि तेंच घ्यावें, हा न्याय येथें लागू पडत नाहीं. आपण किती तास चालविणार, हा आंकडा आधीं कागदावर मांडावा.

महावितरणच्या बिलांत आणखी एक गोष्ट ध्यानांत ठेवण्यासारखी आहे. वापर जसजसा १००, ३०० आणि ५०० युनिटांच्या पायऱ्या ओलांडतो तसतसा पुढील युनिटांचा दर चढत जातो. एसीचीं युनिटें नेहमींच्या वापराच्या वर येऊन पडतात, म्हणून तीं वरच्या पायरीच्या दरानें मोजलीं जातात. मे महिन्याचें बिल पाहून जो धक्का बसतो त्याचें कारण पुष्कळदां हेंच असतें.

मग हमाली कमी कशी करावी? ओझें कमी करावें. स्लॅबवर फाल्गुनांतच चुन्याचा पांढरा हात दिला, तर ऊन परत फिरतें. पश्चिमेच्या खिडकीस आंतून पडदा लावण्यापेक्षां बाहेरून ताटी लावणें अधिक गुणकारी, कारण ऊन कांचेच्या आंत शिरल्यावर तें अडवून फारसा लाभ नाहीं. एका युनिटांत साधा पंखा सुमारें तेरा तास आणि मध्यम कूलर पांच तास चालतो. एसी सरासरीनें दोन तास, आणि ऐन दुपारीं त्याहूनहि कमी. साताऱ्याच्या कोरड्या उन्हाळ्यांत पंखा आणि कूलर यांवर कित्येक घरांचें सहज निभतें. एसी लावलाच तर २४ अंशांखालीं उतरूं नये; २६ अंशांवर ठेवून जोडीला पंखा लावला तरी झोंप चांगली लागते. एक अंश वाढविल्यानें सुमारें शेंकडा ६ वीज वांचते, असें ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरोचें सांगणें आहे.

सांगली भागांतील व्यापाऱ्यांना आणि शेतकऱ्यांना थंडाव्याचा हिशेब नवा नाहीं. हरिपूरच्या लोकांनीं हळद जमिनींतील पेवांत ठेवून पिढ्यान् पिढ्या तिला ऊन आणि कीड यांपासून राखलें. तासगांवचा बेदाणा आज शीतगृहांत भाडें भरून ठेवतात. कारण त्याचा रंग टिकला तर भाव टिकतो, आणि भाड्याची भरपाई होते. घरांतील गारव्याचा मोबदला बाजारांत मिळत नाहीं. तो मिळतो म्हाताऱ्या माणसाच्या अखंड झोंपेंत, तान्ह्या मुलाच्या शांत रात्रींत आणि आजाऱ्याच्या विसाव्यांत. उष्ण रात्रीचा त्रास सर्वांत अधिक यांनाच होतो. तेव्हां ज्या घरीं अशीं माणसें आहेत, आणि चुना, ताटी, पंखा हे उपाय करूनहि खोली निवत नाहीं, तेथें एसीस चैन म्हणून नाक मुरडणें योग्य नव्हे. फक्त तो दिवाणखान्यांत, पाहुण्यांच्या दृष्टीसमोर न बसवितां, ज्याला खरोखर झोंप लागत नाहीं त्याच्या खोलींत बसवावा.