डॉक्टरेटनंतरची उमेदवारी



घरातील मुलगी पदार्थविज्ञानात डॉक्टर झाली की पेढे वाटले जातात, आणि आठवड्याच्या आत प्रश्न येतो, "आता नोकरी केव्हा?" "अजून दोनतीन वर्षे संशोधनच करायचे आहे," असे उत्तर मिळाले की आम्हा वडीलधाऱ्यांचे चेहरे उतरतात. एवढे शिकून पुन्हा उमेदवारीच का, याचा आज आपण विचार करू.

क्वांटम संगणकाचेच उदाहरण घ्या. साध्या संगणकातील बिट शून्य तरी असतो किंवा एक तरी. क्यूबिट या दोन्ही अवस्था एकाच वेळी अंगी बाळगू शकतो. असा पुरेसा मोठा संगणक प्रचंड संख्यांचे मूळ अवयव झपाट्याने पाडू शकेल, हे पीटर शोर यांनी १९९४ साली दाखवून दिले. परंतु क्यूबिट मोठा नाजूक! अतिवाहक क्यूबिट केवल शून्याच्या वर अंशाच्या शतांशाइतक्या थंडीत ठेवावा लागतो, आणि तरीही त्याची अवस्था क्षणार्धात विस्कटते. त्याला सांभाळण्याची विद्या पुस्तकात पुरती सापडत नाही. ती हाताला वळण लागूनच येते.

१९ एप्रिल २०२३ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने राष्ट्रीय क्वांटम अभियानाला मंजुरी दिली. २०३०-३१ पर्यंत त्यासाठी ६,००३ कोटी ६५ लाख रुपयांची तरतूद आहे. त्या पैशाने यंत्रे विकत येतील. यंत्र जाणणारा माणूस मात्र विकत येत नाही, तो घडवावा लागतो.

होमी भाभांनी १९३५च्या सुमारास केंब्रिजची डॉक्टरेट मिळवली. पुढची चार वर्षे ते युरोपात संशोधनच करीत राहिले. विश्वकिरणांच्या वर्षावाची हाइटलर यांच्यासह मांडलेली उपपत्ती त्याच काळातली, १९३७ची. १९३९ साली ते सुटीवर घरी आले, युद्ध पेटले आणि ते इथेच राहिले. १९४५ साली टाटा मूलभूत संशोधन संस्था उभी राहिली, तिच्या पायाशी ही उमेदवारीची वर्षे आहेत.

तरुण मित्रांनो, आज जागा पुष्कळ आहेत. परदेशात वॉटर्लू आहे, सिंगापूर आहे. इकडे बंगळूर, मुंबई, पुणे आहे. पण नुसत्या नावावर भुलू नका. मार्गदर्शकाला विचारा, माझा स्वतःचा प्रश्न हाताळायला मला किती मोकळीक मिळेल? त्याच्या जुन्या सहकाऱ्यांना विचारा, तुम्ही आज कुठे आहात? आणि वेतन किती, मुदत किती, हे विचारायला लाजू नका. भुकेल्या पोटी विज्ञानही होत नाही.

आणि आम्ही वडीलधाऱ्यांनी काय करावे? या वर्षांना बेकारी म्हणू नये. कलमी आंब्यालाही फळ धरण्यापूर्वी चारदोन वर्षे नुसते पाणीच घालावे लागते. तेवढा धीर झाडाला देतो, तो लेकरांनाही देऊ या.