अज्ञात काविळीचा शोध



डोळे पिवळे होतात, अन्नावरची वासना उडते, लघवी गडद होते. रक्ताच्या तपासणीत ‘ए’, ‘बी’ आणि ‘सी’ या विषाणूंचा मागमूस लागत नाही आणि ‘कारण अज्ञात’ असा शेरा पडतो. अशा रुग्णांत अनेकदा दडलेला असतो तो हिपॅटायटिस ‘ई’ विषाणू.

१९५५ च्या अखेरीस, पुरानंतर यमुनेचा प्रवाह बदलला आणि दिल्लीचे सांडपाणी वझिराबादच्या पाणी उपसा केंद्रापर्यंत पोहोचले. सुमारे २९,००० नागरिकांना कावीळ झाली. क्लोरीन वाढविल्याने जिवाणूंचे रोग आटोक्यात राहिले. विषाणू मात्र तगून राहिला. ती साथ ‘ए’ प्रकारची, हाच समज दीर्घकाळ रूढ होता. १९८० मध्ये, पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेतील संशोधकांचा सहभाग असलेल्या अभ्यासात जपून ठेवलेले रक्तनमुने तपासले गेले आणि तो समज खोटा ठरला. काश्मीरमधील १९७८ च्या साथीवरून डॉ. मोहम्मद सुलतान खुरू हेही त्याच निष्कर्षाला आले होते. १९८३ मध्ये रशियन शास्त्रज्ञ बालायान यांनी रुग्णांच्या विष्ठेचा अर्क स्वतः प्राशन करून या विषाणूचे अस्तित्व सिद्ध केले.

बहुतेक रुग्ण काही आठवड्यांत आपोआप बरे होतात. म्हणूनच त्या काळात घेतलेल्या औषधाला यशाचे श्रेय मिळते आणि कधी दोषही औषधाच्याच माथी येतो. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील अभ्यासात औषधामुळे यकृत बिघडल्याचा संशय असलेल्या ३१८ रुग्णांपैकी ९ जणांत ‘ई’च्या ताज्या संसर्गाच्या खुणा सापडल्या. गर्भवतीच्या बाबतीत मात्र हयगय परवडणारी नाही. अखेरच्या तीन महिन्यांत मृत्यूचे प्रमाण २० ते २५ टक्क्यांपर्यंत जाऊ शकते. घरातील सुनेला वा लेकीला अशा काळात कावीळ दिसली, तर झाडपाल्यात एक दिवसही न दवडता तिला रुग्णालयात न्यावे आणि ‘ई’साठी आयजीएम प्रतिपिंडांची तपासणी करवून घ्यावी.

पाणी गाळून पिण्याचा संस्कार या समाजात पिढ्यान्‌पिढ्या आहे. कापडाच्या गाळण्यातून विषाणू मात्र सहज निसटतो. त्याला आवर घालते ते उकळणे. गाळलेले पाणी उकळून घेण्याची वडीलधाऱ्यांची शिस्त घरोघरी आणि समारंभाच्या पंगतीतही पाळली गेली, तर पुष्कळ घरांचे दुःख टळेल.