यार्डातला कोळसा, पेशीतली चरबी



मधुमेह आणि स्थूलतेवरच्या या परिषदेसाठी आई महालक्ष्मी जगदंबेच्या कोराडी गावी आपले मनापासून स्वागत. या गावाचे जुने नाव जाखापूर, असे आमचे वडीलधारे सांगत. आई सकाळी बालिका, दुपारी तरुणी आणि सायंकाळी प्रौढा दिसते, ही आमची श्रद्धा. नवरात्रात इथे हजारो अखंड ज्योती तेवतात. रात्रभर जागून त्यांत तेल घालणारे, वातीची काजळी झाडणारे हात आज तुमच्या पंगतीत वाढायला उभे आहेत.

आणि आमचे पॉवर हाऊस! १९७४ साली १२० मेगावॉटचा पहिला संच सुरू झाला, तेव्हा सारे गाव धुराडे बघायला जमले होते. आज ६६० मेगावॉटचे ३ संच आहेत. मी नोकरीभर कोळसा विभागात होतो. भरलेली वाघीण टिप्लरवर येते, शिकंजे तिला धरतात, ती अख्खी कुशीवर होते आणि कोळसा धडाडत हॉपरमध्ये जातो; पायाखालची जमीन थरथरते. पावसाळ्यात ओला कोळसा हॉपरला चिकटला की मागे रेक खोळंबायची. मग आमची माणसे सब्बल घेऊन उतरत. त्या माणसांची नावे कुठल्याही पाटीवर नाहीत, म्हणून त्यांची आठवण इथे काढतो.

परिषदेचा विषय समजून घ्यायला मी समितीतल्या डॉक्टरांकडे दोन संध्याकाळ बसलो, तेव्हा हेच टिप्लर डोळ्यांपुढे आले. जेवणातली चरबी रक्तातून येते, लायपेज नावाचे विकर तिचे तुकडे करून मेदाम्ले मोकळी करते आणि सीडी ३६सारखी प्रथिने ती मेदाम्ले चरबीच्या पेशीत उतरवून घेतात. या कामाला इन्सुलिनची चालना लागते. पेशी भरून गेली, इन्सुलिनला दाद देईनाशी झाली, की माल यकृतात आणि स्नायूंत साचतो आणि तिथेही इन्सुलिन लागू पडेनासे होते. खोळंबलेल्या रेकचेच दुखणे हे.

माझे थोरले बंधू सडपातळ, तरी त्यांना साखर निघाली. घरात कुणाला पटेना. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी २००४ साली लॅन्सेटमध्ये स्वतःचा आणि इंग्रज मित्र जॉन युडकिन यांचा फोटो छापला, हे मला तेव्हा ठाऊक नव्हते. दोघांचा बीएमआय २२.३, पण युडकिन यांच्या अंगात चरबी ९.१ टक्के, तर याज्ञिकांच्या २१.२! दादांच्या आजाराचे कोडे मला त्या फोटोने उलगडून दाखवले.

आता क्षमा मागतो. भक्तनिवासात खोल्या अपुऱ्या पडल्या, काहींना एका खोलीत चौघे राहावे लागले. काल रात्री गरम पाणी उशिरा पोहोचले. चूक आमच्या समितीची. पाटवडी रस्सा ठेवला आहे, तर्री बेताची घालायला आचाऱ्यांना बजावले आहे. भाडे न घेता मंडप आणि गाद्या देणारे बिछायत केंद्रवाले, संत्र्यांच्या पेट्या पाठवणारे शेतकरी, तांदूळ-डाळ देणारे धान्य व्यापारी, पाहुण्यांसाठी स्वतःच्या घरची खोली मोकळी करून देणाऱ्या वसाहतीतल्या ताई, सायकलवरून पिशव्या पोहोचवणारी शाळेची मुले, या सगळ्यांचा मी ऋणी आहे.

उद्या पहाटे ज्यांना आईच्या दर्शनाला यायचे असेल त्यांनी ५ वाजता मंडपाच्या फाटकाशी यावे. मी स्वतः कंदील घेऊन उभा असेन.