सीमेवरचे दोन उतारे आणि शिकणारे यंत्र

निपाणीच्या काळ्या रानात तंबाखूची लावण झाली, की यंदा पीक किती उतरेल याचा अंदाज बांधणारे पूर्वी दोघेच: शेतकरी आणि व्यापारी. आता त्यांत यंत्राचीही भर पडू शकते. आणि त्याला शिकविण्यास मोठा गणितज्ञच हवा, असेही उरलेले नाही.

१९७४ साली आयबीएमच्या डोनाल्ड चेंबरलिन व रेमंड बॉइस यांनी कोष्टकांना प्रश्न विचारण्याची एक भाषा मांडली. तीच आजची एसक्यूएल. अमुक गावच्या, तमुक पिकाच्या नोंदी हव्यात, एवढेच तिच्यात सांगावयाचे. त्या शोधावयाच्या कशा, ही चिंता यंत्राची. पुढे ही कोष्टके दूरच्या संगणककेंद्रांतील प्रचंड कोठारांत जाऊन राहिली. तेथील माहिती बाहेर काढून निराळ्या भाषेतील आज्ञावलीच्या स्वाधीन करावी, तेव्हा कुठे यंत्र शिके. २०१८ साली गूगलने आपल्या बिगक्वेरी या कोठारात ही यातायात वाचविली. ‘क्रिएट मॉडेल’ ही आज्ञा, भाकीत कोणत्या रकान्याचे हवे त्याचे नाव, आणि खाली नेहमीचाच ‘सिलेक्ट’: मागील वर्षांचा पाऊस, जमिनीचा प्रकार, क्षेत्र, उत्पन्न. कोणत्या रकान्याला किती वजन द्यावे, हे मग कोठारच ठरविते. भाकीत व प्रत्यक्ष यांतील अंतर शक्य तितके घटेपर्यंत ती वजने बदलून पाहते. कचेरीत रोजचे तक्ते काढणाऱ्या कारकुनालाही हे साधेल.

खरी अडचण पुढेच आहे. खानापूरचा मुसळधार पाऊस आणि अथणीचे कोरडे रान एकाच बेळगाव जिल्ह्यात. निपाणीला जवळचे आभाळ कागलचे. पण १ नोव्हेंबर १९५६ रोजी जिल्हा मुंबई राज्यातून म्हैसुरात गेला आणि दप्तरे दोन झाली. आज निपाणीचा उतारा कर्नाटकाच्या ‘भूमी’ योजनेत, कन्नडमध्ये. कागलचा सातबारा मराठीत. तेथे ‘होगेसोप्पू’, येथे ‘तंबाखू’: यंत्राच्या लेखी ही दोन पिके. त्याहून घातक क्षेत्राचा रकाना. तेथे एकर व गुंठे, येथे हेक्टर व आर. ‘१.२०’ म्हणजे तेथे एक एकर वीस गुंठे, अर्थात दीड एकर. येथे जवळजवळ तीन एकर. यंत्र दोन्हींना एकच आकडा समजेल, आणि तक्रार न करता चुकीचे शिकेल. उद्या अशा अंदाजावर पीककर्ज ठरू लागले, तर ती चूक कोणाच्या पदरात पडेल, हे सांगावयास नको.

यावर एसक्यूएलमध्ये उपाय आहे, आणि तो साधाच: पिकांच्या व जमिनींच्या नावांची एक जोडयादी, आणि क्षेत्र एका मापात आणणारी चार ओळींची आज्ञा. यादी मात्र दोन्ही भाषांतील उतारे वाचू शकणाऱ्याने करावयाची. निपाणीत अशी माणसे गल्लोगल्ली भेटतात.