साठ्याचा हिशेब आणि उद्याची गरज



कोणती वस्तू, किती आणि केव्हा लागेल याचा अंदाज बांधून साठा ठेवणे हा दुकानदारांचा विषय, असे आपणांस वाटेल. परंतु रुग्णालयात त्याच हिशेबावर प्राण अवलंबून असतात.

हा अंदाज बहुधा मागील खपावरून बांधला जातो. त्यात एक मोठी उणीव आहे. खपाच्या वहीत दिलेले औषध नोंदले जाते. साठा संपल्याने रिकाम्या हाती परतलेला, किंवा दारापर्यंत पोहोचूच न शकलेला रुग्ण तिथे नसतो. ज्यांची गरज कधी नोंदलीच गेली नाही, त्यांच्यासाठी उद्याही कमीच मागविले जाते. आपल्या समाजाला हे वेगळे सांगावयास नको.

नंदुरबार हा आदिवासीबहुल जिल्हा. तेथील तत्कालीन जिल्हाधिकारी डॉ. राजेंद्र भारूड हे स्वतः भिल्ल समाजातील व वैद्यकीय पदवीधर. दिवसाला जास्तीत जास्त १९० कोरोना रुग्ण असताना, सप्टेंबर २०२० मध्ये त्यांनी मिनिटाला ६०० लिटर प्राणवायू देणारा प्रकल्प उभारला. पुढे आणखी प्रकल्प जोडले. एप्रिल २०२१ मध्ये हाच आकडा १२०० वर गेला. मोठी शहरे तेव्हा टँकरची वाट पाहत होती. प्रकल्प आठवड्यात उभा राहत नाही. म्हणून मागणी वाढण्यापूर्वीच निर्णय घ्यावा लागतो. वस्तू हाती येण्यास लागणारा काळ हाच या हिशेबाचा कणा होय. मे २०२१ मध्ये आपल्या या कुवेतमधूनही ‘आयएनएस कोलकाता’ द्रवरूप प्राणवायू घेऊन मंगळूरला गेले. परंतु समुद्रमार्गाला दिवस लागतात आणि श्वासाला मिनिटे.

आता घरचे पाहू. आपल्यापैकी अनेकांच्या मधुमेहाच्या, रक्तदाबाच्या गोळ्या गावाहून येणाऱ्यांच्या बॅगेतून येतात. १३ मार्च २०२० पासून १ ऑगस्टपर्यंत, सुमारे १४० दिवस, येथील व्यावसायिक विमानसेवा बंद होती. तेवढा साठा घरात करा, असे मी म्हणणार नाही. औषधाची मुदत संपते, आणि येथील उन्हाळ्यात मोटारीत राहिलेले इन्सुलिन निकामी होते. गोळ्या यावयास सहा आठवडे लागत असतील, तर आठ आठवड्यांच्या उरल्या असतानाच निरोप धाडावा. आणि औषधाचे कंपनीने ठेवलेले नाव नव्हे, तर मूळ रासायनिक नाव व मात्रा चिठ्ठीवर लिहून ठेवावी. म्हणजे येथील डॉक्टरांना त्याच गुणाचे औषध देता येईल.