कॅनडाचा स्वतःचा आवाज



आम्ही पडलो कामगार चळवळीतली माणसे. वाचलो ते युनियनच्या कचेरीत बसून. तेव्हा कॅनडाच्या साहित्याकडे आम्ही पाहणार तेही पोटाच्या बाजूने.

१८६७ साली ते संघराज्य झाले, तरी साहित्यात मान लंडन-पॅरिसचाच राहिला. मग १९४५ साली दोन कादंबऱ्या आल्या. ह्यू मॅक्लेनन यांनी इंग्रज व फ्रेंच समाजांतील दुरावा इंग्रजीतून मांडला. गाब्रिएल रॉय यांनी माँट्रियलच्या कामगारवस्तीतले दारिद्र्य फ्रेंचमधून दाखविले. तेथे बेकाराला पगार मिळतो तो लष्करात भरती झाल्यावर! देशाने आपला चेहरा पाहिला तो असा.

१९५७ साली कलांना साहाय्य देणारे कॅनडा कौन्सिल निघाले. १९७३ साली लेखकांनी चक्क आपली युनियन काढली. मुंबईत जन्मलेले रोहिंटन मिस्त्री १९७५ साली तिकडे गेले. त्यांच्या मुंबईवरील कादंबरीस १९९१ साली तेथील गव्हर्नर-जनरल पारितोषिक मिळाले.

मूळ रहिवाशांचे ऐकले गेले मात्र सर्वांत शेवटी. म्हणून आम्ही म्हणतो, राष्ट्राची ओळख हा हजेरीपट आहे. ज्याचे नाव राहिले, त्याची मजुरी बुडाली. ती चुकती करणे हेच साहित्याचे काम.