अंगणातील जुना कोबा

अंगणातील कोब्याला भेगा पडल्या की त्यावर सिमेंटचा पातळ हात फिरवून घेण्याचा मोह अनेक कुटुंबांना होतो. खर्च कमी दिसतो खरा. परंतु असा थर बहुधा एका-दोन पावसाळ्यांतच पोपडे धरून सुटतो आणि जेमतेम जमविलेले पैसे वाया जातात.

प्रथम कोबा हातोडीने ठोकून पाहावा. जेथे पोकळ आवाज येतो, तेवढाच भाग उखडून, खालची भर धुम्मसाने ठोकून पुन्हा भरावा. उरलेला पृष्ठभाग छिन्नीने टोचून खडबडीत करावा, धुऊन रात्रभर ओला ठेवावा. त्यावर सिमेंटची रबडी फासून, ती वाळण्यापूर्वीच बारीक खडीच्या काँक्रीटचा सुमारे ४० मिलिमीटर जाडीचा थर द्यावा. गवंडी टोचण्याचे काम टाळू पाहतात. तेथे मात्र घरमालकाने उभे राहावे! उंबरठा बुडणार नाही, पाणी भिंतीकडे वळणार नाही, हेही आधीच पाहावे. घोटलेला कोबा शोभतो, पण पावसात त्यावरून वृद्ध माणसे घसरतात. म्हणून ओल्या थरावर झाडू ओढून तो खरखरीत ठेवणे इष्ट. पुढे निदान सात दिवस ओले गोणपाट अंथरावे.

सर्वच कोबा पोकळ वाजला, तर वर थर देऊ नये. तो उखडून त्याचेच तुकडे भरीला वापरावेत.